सरू, गंगी आणि खारेपाटाचे चौघे

सरू घरत गणपतीचे डोळे काढायची. पेणला रामवाडीत, हायवेपासून जरा आत, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये एक कारखाना होता. पावसाळ्याच्या तोंडाला तिथं मूर्तीच मूर्ती उभ्या असायच्या, सगळ्या पांढऱ्या, डोळ्यांविना, आणि सरू एकेकीसमोर पाट सरकवत बारीक कुंचल्यानं आखणी करत जायची. आखणी झाली की मूर्ती एकदम कोणाकडे तरी बघायला लागते. सरू म्हणायची, त्या वेळी आपणच झोपेतून उठलो असं वाटतं.

तिचं मूळ गाव खारेपाटातलं, खाडीच्या अंगाला. वडील मिठागरात कामाला होते. ती लहान असताना एका उधाणाला गावच्या बांधाला खांड पडली आणि खाडीचं पाणी भाताच्या शेतात शिरलं ते पुन्हा निघालंच नाही. गाव हळूहळू उठलं. आई सीताबाई मुलीला घेऊन पेणला आली आणि कारखान्यात माती मळायला लागली. वडील मात्र मिठागर सोडून आले नाहीत, तिथंच वारले. सरूला त्या गावातलं एकच चित्र लख्ख आठवायचं. दुपारचं ऊन, मिठाच्या पांढऱ्या राशी, आणि त्यांच्या पलीकडे जिथं जमीन संपून नुसती हवा थरथरते ती जागा. तिनं वडलांना विचारलं होतं, "बाबा, तिकडं पुढं काय हाय?" ते मिठाचं फावडं टेकवून म्हणाले होते, "पुढं उद्या हाय."

गंगी हिलम त्याच कारखान्यात शाडूच्या पाट्या वाहायची. डोंगराच्या पायथ्याला कातकरवाडी होती, तिथून ती आणि तिचा नवरा चंदर सकाळी चालत यायचे. गणपतीपर्यंत इथं काम, दिवाळी झाली की वीटभट्टीवर, असं त्यांचं वर्ष. गंगी सरूच्याच वयाची, सव्वीस-सत्तावीसची. बोलायची कमी. जेवणाच्या सुट्टीत मात्र ती रद्दीच्या ढिगावर जाऊन बसायची.

मूर्ती बांधायला मुंबईहून रद्दी यायची. त्या गठ्ठ्यांत कधी कधी चित्रकथांची रंगीत पुस्तकं निघायची, पानं फाटलेली, बहुतेक इंग्रजी. घट्ट कपडे घातलेली, पाठीला झूल बांधलेली माणसं उंच इमारतींवरून उडायची. गंगीला वाचता येत नव्हतं. ती चित्रांवर बोट ठेवून सरूला गोष्ट विचारायची. सरूला इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा ती मनानंच रचून सांगायची.

"ही सगळी तिकडंच का उडतात?" गंगीनं एकदा विचारलं. "आपल्या हिकडं कोणीच का येत नाय?"

"आपल्याकडं उंच इमारती कुठं हायत? उडी कशावरून मारतील?"

गंगी हसली नाही. पान उलटत म्हणाली, "मी बघितलीत चार जणं. आपल्याकडची."

"कुठं गो?"

"झोपंत."

ते साल सत्याऐंशी असावं. रोह्यापर्यंत रेल्वे येऊन फार दिवस झाले नव्हते. रूळ तिथंच संपायचे. स्टेशनाच्या पुढं थोडं अंतर ते गवतातून जायचे आणि मग एका आडव्या दांडक्यापाशी थांबायचे. पलीकडे शेतं आणि डोंगर. गंगी ते बघून आली नव्हती, ती आगगाडीत कधी बसलीच नव्हती. पण तिच्या स्वप्नात ते दांडकं होतं. तिथं एक डबा उभा असतो, डब्यात चार जणं बसलेली असतात, मागच्या दारातला गार्ड शिट्टी वाजवतो आणि दांडक्याच्या पुढं, गवतात, नसलेले रूळ उमटत जातात. डबा चालू लागतो. खिडकीतून शेतं दिसतात, पण त्यांच्यातून गावं जात नाहीत, वर्षं जातात. भात पिकतं, कापलं जातं, पुन्हा पिकतं, झाडं वाढतात आणि पडतात, पोरं म्हातारी होतात, आणि हे सगळं अगदी सावकाश, पाण्याखालून बघावं तसं.

"आणि मग?" सरूनं विचारलं.

"मग भोंगा होतो नि मी उठते."

सरूनं त्या दुपारी मूर्तीच्या खोक्यावर चिकटवायच्या कोऱ्या पट्टीच्या मागं तो डबा काढला. गंगीनं बघितला. "खिडक्या जास्त हायत," म्हणाली. सरूनं दुसरा काढला. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी गंगी बराच वेळ बघत राहिली आणि तिनं एका खिडकीवर हलकेच बोट ठेवलं, आतल्यांना जाग येऊ नये असं.

मग चौघांचे चेहरे आले. पुतळी, मिठागरातली बाई, तळहात उघडला की भरती, मिटला की ओहोटी. काळू, कातकरी गडी, एका सावलीत शिरायचा आणि मैलभर लांबच्या दुसऱ्या सावलीतून निघायचा. जनीआजी, जिच्या चिमटीतलं मीठ जिभेवर पडलं की विसरलेलं सगळं आठवायचं. आणि कान्हू गार्ड, शिट्टीवाला. सरूनं पुस्तकांत बघितल्याप्रमाणे चौघांच्या पाठीला झुली लावल्या तेव्हा गंगी वैतागली.

"हे फडकं कशाला? कामात अडकंल ते."

तेव्हा झुली गेल्या. पुतळी काष्ट्याच्या लुगड्यात राहिली आणि काळू लंगोटीत. त्यांचं नाव सरूनं ठेवलं, खारेपाटाचे चौघे.

हे सगळं रद्दीच्या ढिगावरच राहिलं असतं. पण कारखान्याच्या मूर्ती रोह्याला जायच्या आणि त्यांची पत्रकं जवळच्या अष्टमी गावात छापली जायची. कुंडलिका नदीचा पूल ओलांडला की अष्टमीच्या बाजारात दाजी देवकरांचा छापखाना होता, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, भजनी मंडळाची पत्रकं असलं काम. दाजी साठीचे, विधुर, ऐकायला कमी. एकदा पत्रक आणायला सरू गेली आणि मजकुराच्या कागदाबरोबर चुकून चौघांचा कागदही त्यांच्या हातात गेला. दाजींनी चष्मा पुसून तो बघितला.

"ही बाई कोण?"

"पुतळी. ती पाणी थांबवते."

"कुठलं पाणी?"

"खाडीचं."

 दाजींचं आजोळही खारेपाटातलंच होतं, हे सरूला पुढं कळलं. ते आत गेले आणि मेण लावलेला एक पातळ कागद आणि लोखंडी टोच्या घेऊन आले. प्रश्नपत्रिका काढायचं सायक्लोस्टाइल यंत्र त्यांच्याकडे होतं. त्या कागदावर टोच्यानं रेघ ओढायची, मग त्यातून शाई झिरपून खालच्या कागदावर तीच रेघ उमटते. "यावर काढून बघ. हात हलका पाहिजे, नायतर फाटतो," दाजी म्हणाले.

हात हलका असायचं सरूला काय सांगायचं? महिनाभरात पहिलं पुस्तक निघालं. निळ्या शाईतली सोळा पानं, टाचणी मारलेली. मुखपृष्ठावर खाली दोन ओळी होत्या. गोष्ट, गंगी हिलम. चित्रं, सरू घरत.

रोहा स्टेशनाबाहेर धोंडुबाईची चहाची टपरी होती. तिनं दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवली. सुरुवातीला पोरांनी घेतली. मग कंपनीत शिफ्ट करणारी माणसं चहा पिता पिता वाचायला लागली, कारण दुसऱ्या पुस्तकापासून डबा पोचला होता आणि जिथं पोचला तो मुलुख त्यांना ओळखीचा वाटत होता.

सन दोन हजार सत्तेचाळीस. भोंग्याचा मुलुख. डोंगरापासून खाडीपर्यंत एकच पत्रा, आभाळाच्या जागी. कुंडलिका एका मोठ्या नळात कोंबलेली, तिचा आवाज फक्त नळाला कान लावला तर येतो. माणसांना नावं नाहीत, कोणी ए शिफ्ट, कोणी बी शिफ्ट. तिथला मुकादम कोणी बघितलेला नाही, त्याचा भोंगा तेवढा ऐकलेला. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की झोपायचं, आणि झोप म्हणजे मोजून दिलेला काळोख, त्यात स्वप्न नाही. मिठाला बंदी. मीठ खाल्लं तर घाम येतो, घाम आला तर माणसाला कळतं आपण दमलोय, आणि दमल्याचं कळलं तर माणूस बसतो.

सरू हे सगळं फार सावकाश काढायची. सायक्लोस्टाइलला काळा भरता येत नाही, म्हणून तिचा काळोख बारीक बारीक रेघांचा असायचा, पावसासारखा तिरपा. त्यातून चौघं चालत जायची आणि त्यांचे पाय जमिनीला टेकलेत की नाही हे नीट दिसायचं नाही. लोकांना ते आवडलं. एक फिटर धोंडुबाईला म्हणाला, "हे वाचलं की पाळी संपली तरी डोक्यात ढग राहतात."

पण त्या मुलुखात चौघांची ताकदच चालेना. ऊन नाही म्हणून सावल्या नाहीत, काळू शिरणार कुठं? पाणी नळात, पुतळीचा तळहात त्याच्यापर्यंत पोचत नाही. जनीआजीच्या कनवटीचं मीठ हद्दीवरच काढून घेतलं. राहिली कान्हूची शिट्टी, ती भोंग्यात बुडून गेली. चौथ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर डब्याला सील ठोकलेलं होतं आणि चौघं नळाला टेकून बसली होती. कुंडलिका आतून वाहत होती आणि पुतळीनं नळाला गाल लावला होता. खाली एवढंच लिहिलं होतं, आता कसं जायचं?

ते पुस्तक दिवाळीच्या आसपास निघालं. सरूनं कातकरवाडीत जाऊन गंगीला विचारलं, "पुढं काय गो?"

"दिसलं नाय अजून."

"झोपून बघ की."

"हुकमानं दिसतंय व्हय?" गंगी म्हणाली.

दिवाळी झाली आणि एका सकाळी कातकरवाडी रिकामी झाली. ट्रक आला, भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं सगळं चढलं आणि गेलं. गंगी जाताना सरूकडे येऊन गेली, पण सरू मूर्तीच्या ऑर्डरीसाठी बाहेर होती. सीताबाईला ती म्हणाली, "सांगा तिला, नाय दिसलं." आणि निघाली.

सरूनं स्वतः शेवट करून बघितला. एकदा पुतळीनं नळ फोडला, पूर आला, मुकादम बुडाला, चौघं टाळ्यांच्या गजरात रोहा स्टेशनात उतरली. चित्रं चांगली होती. पण काढताना एकही रेघ तिला कोणी दाखवल्यासारखी वाटली नाही, सगळ्या तिनंच ओढल्या होत्या. ते कागद तिनं चुलीत घातले. दुसऱ्यांदा मुकादम चांगला माणूस निघाला. तेही चुलीत गेलं.

रोह्याला गेलं की धोंडुबाई धरायची. "लोक मना विचारतात गो, चौघं आली काय परत, आली काय परत. मी काय सांगू? चहा ओतताना हात थांबतो माझा. ती जनीआजी तरी काय खात असंल तिथं, बिनमिठाचं?"

"मला ठावं नाय धोंडुबाई."

"मग ठावं हाय कोणाला?"

माघ महिन्यात सरूनं आईला सांगितलं की मी गंगीकडे जाते. सीताबाई चिडली. "अगो, पुस्तकातल्या माणसांसाठी? तू कुठं भट्टीवर जातंस? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते म्हणू देत. गंगी पुस्तकातली नाय ना."

सीताबाईनं रागारागात भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी बांधून दिली आणि वर कांद्याची जुडी ठेवली.

भट्टी खोपोली रस्त्याच्या पुढं, माळावर होती. एसटीतून उतरल्यावर लांबूनच धूर दिसला, सरळ उभा, वारा नसल्यासारखा. ओळीनं वाळत घातलेल्या कच्च्या विटा आणि त्यांच्या कडेला राहायचे गवताचे झाप. गंगी साच्यात माती भरून विटा पाडत होती. सरू समोर येऊन उभी राहिली तरी तिनं वर बघितलं नाही. दोन विटा पडल्यावर बघितलं.

"सरू?" ती म्हणाली. आणि मग, अगदी साधेपणानं, "दिसत नाय गो मला."

ती सुकून गेली होती. भट्टीवर अंधार असतानाच उठायचं, चिखल कालवायचा, दिवसभर विटा पाडायच्या. "रात्री पडते नि लगेच सकाळ. मधी काहीच नाय. नुसता काळोख," गंगी म्हणाली. "तिकडच्यांसारखा."

सरू झापाच्या दारात बसून ते ऐकत होती. चंदरनं तिला पाणी दिलं. त्यांची धाकटी पोर पारी सुकटीच्या चटणीचं फडकं उघडून वास घेत होती. सरूनं आपले हात बघितले, मग गंगीचे. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "तू झोप. मी पाडते विटा."

"खुळी झालीस काय?"

"माती मीही मळली हाय. दाखव कसं ते."

गंगीनं नको नको म्हटलं. चंदर म्हणाला, "झोपू दे तिला. कवापासून झोपली नाय." तासाभरात मुकादम फिरत आला, हाडामांसाचा मुकादम, डोक्याला टॉवेल बांधलेला. "ही कोण?" त्यानं विचारलं.

"बहीण हाय," चंदर म्हणाला.

मुकादमानं सरूकडे आणि तिच्या वाकड्यातिकड्या विटांकडे बघितलं. "बहिणीला सांग, साचा आधी पाण्यात बुडवायचा," असं म्हणून तो पुढं गेला.

पहिल्या दिवशी गंगी दिवसभर झोपली. उठली तेव्हा तिच्या गालावर गवताचे वळ उठले होते. तिनं मान हलवली, काही नाही. दुसऱ्या दिवशीही सरूनं विटा पाडल्या. तिच्या कमरेत लाकूड भरल्यासारखं झालं आणि बोटं इतकी सुजली की भाकरी तोडता येईना. गंगी झोपली, आणि पुन्हा काळोखच. "जा तू घरी," गंगी म्हणाली. "आटलंय ते." सरू गेली नाही. ती राहिली तोवर गंगीच्या अंगाला हळूहळू विसावा आला. ती झोपेत कूस बदलायला लागली, एकदा काहीतरी पुटपुटली, एकदा हसली. चिखलात उभी असलेली सरू ते हसणं ऐकून थांबली. माळावर ऊन तापलं होतं, वाळणाऱ्या विटांवरून वाफ उठत होती आणि त्या वाफेपलीकडे झाप, गंगी, पोर सगळंच जरा हलत होतं. आपण जागे आहोत की गंगीच्या झोपेत उभे आहोत, हे त्या वेळी तिला सांगता आलं नसतं.

त्याच दिवशी उन्हं उतरताना गंगी झापाबाहेर आली आणि सरूच्या शेजारी चिखलाच्या कडेला बसली.

"ती येत नायत," ती म्हणाली.

"कोण?"

"चौघं. ती परत येत नायत, सरू. मी विचारलं त्यांना."

सरूनं साचा खाली ठेवला.

गंगी सांगू लागली, सावकाश, मध्ये मध्ये डोळे मिटून. नळाला टेकून बसलेल्या पुतळीच्या डोळ्यांतून पाणी आलं. जनीआजीनं ते बोटावर घेऊन चाखलं, तर खारं. मीठ त्यांनी काढून घेतलं होतं, पण हे मीठ कोणाला काढता आलं नव्हतं. आजीनं ते बोट जवळच्या बाईच्या जिभेला लावलं. त्या बाईला आपलं नाव आठवलं. तिनं ते मोठ्यानं उच्चारलं आणि ती रडली, मग तिचं मीठ शेजारच्याला. असं माणसामाणसातून ते गेलं. माणसं बसायला लागली. भोंगा झाला तरी बसून राहिली. आणि माणसं झोपली, आपापल्या मनानं, आणि इतक्या जणांना एकदम स्वप्नं पडली की पत्र्याच्या आभाळाला खालून धग लागली आणि तो पत्रा एका जागी तडकला. तेवढ्या फटीतून ऊन पडलं. ऊन पडलं तिथं सावली पडली, आणि काळू तिच्यात शिरून डब्याचं सील काढून आला.

"मग बसली का नायत डब्यात?"

"डब्यात जागा मोजकीच होती ना. तिकडची पोरं उभी होती भोवती. त्यांनी झाड बघितलेलं नाय. पाऊस नाय बघितलेला." गंगीनं बाजूला खेळणाऱ्या पारीकडे बघितलं. "पुतळी म्हणाली, आम्ही बघितलंय सगळं. पोरांना बसवा. कान्हूनं पोरांना आत घेतलं, शिट्टी त्यांच्यातल्या एका पोरीच्या हातात दिली नि खाली उतरला. डबा आला गो हिकडं, सरू. भरून आला. चौघं तिकडं राहिली."

"आणि पत्रा?"

"अजून एकच फट हाय. ती वाढवायला हवी. म्हणूनच राहिली."

 मग सरूनं विचारलं, "हे सगळं झोपेत बघितलंस? का रचलंस काही?"

गंगी पहिल्यांदाच मोकळी हसली. "झोपेत थोडं. थोडं तुला विटा पाडताना बघून."

पाचवं पुस्तक होळीच्या आधी निघालं. सरूची बोटं अजून पुरती वळत नव्हती, त्यामुळे रेघा जरा कापऱ्या आल्या. दाजी कागद उजेडाला धरून म्हणाले, "राहू देत. स्वप्नातलं असंच दिसतं." शेवटच्या पानावर डबा रोह्याच्या दांडक्यापाशी उभा होता आणि दारातून पोरं उतरत होती. पहिल्या पोरीनं गवताला पाय लावून बघितला होता, पाणी गार आहे का हे बघावं तसा. खाली लिहिलं होतं, ती पोरं आपल्यातच आहेत.

थोडे लोक रागावले. एक मास्तर धोंडुबाईला विचारून गेले की नायकांना असं वाऱ्यावर सोडतात का? पण पोरांनी लगेच खेळ काढला. अष्टमीच्या पुलावर, शाळेच्या आवारात कोणीतरी एक जण झाडाला हात लावून तोंड उघडं टाकायचा, आणि बाकीचे ओरडायचे, "तिकडचा, तिकडचा!" कंपनीतली माणसं गाडीतून उतरणाऱ्या अनोळखी माणसांकडे निराळ्या नजरेनं बघू लागली. धोंडुबाईला तर त्याचं वेडच लागलं. कोणी गोंधळलेला, परका दिसला, पुलाकडे जायचा रस्ता विचारू लागला, की ती आधी चहा पुढं करायची आणि आवाज खाली आणून विचारायची, "तिकडून आलास काय रे बाबा?" बहुतेकांना वाटायचं ती मुंबईचं विचारतेय. ते व्हय म्हणायचे.

पावसाच्या आधी भट्ट्या बंद झाल्या आणि गंगी परतली. सरूनं तिला सांगितलं, चल, रोह्याला जाऊ, आपली पुस्तकं कुठं लटकतात ते बघ. पेण स्टेशनवर गंगी गाडीत चढली तेव्हा तिनं आधी दाराच्या दांडीला हात लावला, मग आतल्या बाकाला. खिडकीची जागा मिळाली. शेतं मागं जायला लागली तशी ती पुढं वाकून बघत राहिली. "हळू जाते," ती म्हणाली. "माझी झोपंतली हिच्यापेक्षा हळू जाते, पण."

रोह्याला सरूला ओळखीचं कोणी भेटलं आणि ती बोलत मागं राहिली. गंगी एकटीच बाहेर आली. तिला दोरीवर लटकणारी पुस्तकं दिसली. वाऱ्यानं पानं फडफडत होती आणि पुतळी, काळू, जनीआजी, कान्हू दिसत होते नि झाकले जात होते. ती टपरीसमोर उभी राहिली आणि तिला पुढं काय करायचं ते सुचेना.

धोंडुबाईनं तिला कधी बघितलं नव्हतं. तिला दिसली ती एक उन्हानं काळवंडलेली, परकी बाई, आजूबाजूला असं बघणारी की हे सगळं खरंच आहे का. धोंडुबाईनं कपबशी विसळली, चहा ओतला आणि तिच्या हातात दिला.

"तिकडून आलीस काय गो?" तिनं हळूच विचारलं.

गंगीनं कप दोन्ही हातांनी धरला. जराशानं म्हणाली, "व्हय."

"कशी हायत ती?"

"बरी हायत," गंगी म्हणाली. "कामात हायत."

धोंडुबाईनं मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला. सरू आली तेव्हा दोघी बाकड्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि धोंडुबाई विचारत होती की आजीला तिथं भात मिळतो की भाकरी. सरूनं गंगी कोण ते सांगितलं. धोंडुबाई जराही ओशाळली नाही. "मग तर खरंच तिकडून आली की," ती म्हणाली.

सहावं पुस्तक निघालं नाही. दाजींना पुढच्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि छापखाना मिटला. सायक्लोस्टाइलची निळी शाई फार टिकत नाही. त्या पुस्तकांची पानं हळूहळू कोरी होत गेली असणार, ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडे. रूळ दांडक्याच्या पुढं गेले, आधी वीर स्टेशनापर्यंत, मग खाली कोकणभर.

सरूनं पुढं रामवाडीतच स्वतःचा छोटा कारखाना काढला. लग्न केलं नाही. गंगी आणि चंदर तिच्याकडे आले, आणि तेव्हापासून ती भट्टीवर गेली नाहीत. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम वर्षभर असतं, त्यामुळे दिवाळीनंतरही शेड चालू राहते. साच्यांचं सगळं गंगी बघते. पारी शिकून अंगणवाडीत लागली आणि तिच्या दोन पोरी आता तिथंच शेडच्या दाराशी खेळतात.

दुपारी जेवण झाल्यावर शेड तासभर बंद असते. हा नियम गंगीचा. कितीही ऑर्डर असो, गणपती तोंडावर येवोत, त्या वेळेत कोणी हाक मारायची नाही. कामाला असलेल्या बाया मूर्तींच्या मधल्या गल्ल्यांत गोधड्या टाकून आडव्या होतात. उठल्यावर गंगी प्रत्येकीला चहा देते आणि विचारते, काय दिसलं? बऱ्याच जणींना काहीच दिसलेलं नसतं. कोणाला माहेर दिसतं, कोणाला वाट चुकलेली म्हैस. गेल्या महिन्यात नव्यानं लागलेल्या सगुणा नावाच्या पोरीनं सांगितलं की एका मोठ्या पिंपात उभी राहून ती गाणं म्हणत होती आणि खाली सगळे मासे ऐकत होते. सरूनं चष्मा नाकावर खाली ओढला आणि खोक्याची एक पट्टी घेतली.

"पिंप केवढं?" तिनं विचारलं.